दुभाष्याचा पत्ता

नूरमहंमद शेखचा बांधाबांधीत हात धरणारा अख्ख्या भिंगारमध्ये कुणी नव्हता. छावणीतल्या लष्करी भांडारात त्यानं चोवीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग खोक्यांत भरले, आणि त्याच्या खोक्यातला एक नटसुद्धा कधी चुकीच्या गावाला उतरला नाही. हे तो स्वतः कुणाला सांगत नसे. दुसऱ्यानं सांगितलं तर मात्र थांबवतही नसे. नोकरीतून सुटल्यावर घरी बसून बायकोच्या, रोशनबीच्या, स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा बरं म्हणून तो केडगावच्या मशीनघरात लागला, आणि पहिला सुटकेचा श्वास रोशनबीनं टाकला.

आता हे मशीनघर म्हणजे काय, ते सांगायला हवं. गोष्ट एकाहत्तर सालची. पुणे रस्त्यावर, केडगावात, एका पत्र्याच्या गोदामात नऊ साखर कारखान्यांनी मिळून एक गणकयंत्र आणून बसवलं होतं. गावातले लोक त्याला नुसतं 'मशीन' म्हणत. काम एकच, पण जिव्हाळ्याचं: कुणाच्या उसाला तोड कधी मिळायची, त्याची यादी काढणं. लागण कधीची, वाण कुठला, शेत कारखान्यापासून किती लांब, हे सगळं मशीनला द्यायचं आणि मशीननं नंबर लावायचे. त्याआधी काय चालायचं ते विचारू नका. ज्याचा मेहुणा तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा स्लिपबॉय, त्याचा ऊस आधी! बाकीच्यांनी उसाला तुरे येईस्तोवर बांधावर बसून राहायचं.

मशीनघरात माणसं आठ. त्यातली चार या गोष्टीत येतात. पाठकसाहेब पुण्याहून शिकून आलेले, ते मशीनसाठी प्रोग्राम लिहीत. छबूबाई त्यांचं लिहिलेलं पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून उतरवत, एका ओळीला एक कार्ड. नवरा गेल्यावर भावाच्या दारात न जाता त्या टायपिंग शिकल्या, मग पंचिंग शिकल्या, आणि आता त्यांचा हात असा चाले की पाठकसाहेब लिहून संपवायच्या आत कार्डं तयार. पारनेरकडचा गोरख मशीन चालवी. आणि नूरमहंमद कार्डांचे गठ्ठे सांभाळी. एका गठ्ठ्यात तीनशे-चारशे कार्डं. एक जरी इकडचं तिकडं झालं तरी सगळा घोटाळा. म्हणून तो गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर निळ्या पेन्सिलीनं तिरकी रेघ ओढी. कार्ड हललं की रेघ तुटलेली दिसे. ही युक्ती त्याला कुणी शिकवली नव्हती.

मशीनची एक गंमत होती. पाठकसाहेब लिहीत ती भाषा मशीनला थेट कळत नसे. मध्ये एक दुभाष्या लागे. हा दुभाष्या म्हणजे माणूस नव्हे, तोही एक प्रोग्रामच. तो मशीनच्या तीन नंबरच्या टेपवर राहायचा. म्हणून प्रत्येक गठ्ठ्याचं पहिलं कार्ड म्हणजे दुभाष्याचा पत्ता: 'तीन नंबरच्या टेपवर अमुक नावाचा दुभाष्या आहे, त्याला बोलाव.' तो आला की पुढची कार्डं तो मशीनला समजावून सांगे. तो आलाच नाही, तर पुढची चारशे कार्डं म्हणजे रद्दी.

तर त्या वर्षी काय झालं, कोपरगावकडच्या एका कारखान्यानं स्वतःचं मशीन घेतलं. त्याच कंपनीचं, पण नवं. आणि त्यांचे चेअरमन नऊ कारखान्यांच्या बैठकीत उभे राहून म्हणाले, "आता आमचं मशीन आमच्याकडं हाय. केडगावची आठ माणसं कशापायी पोसायची?"

पाठकसाहेब तसे गरीब गाय. पण त्या दिवशी त्यांनाही जोर चढला. म्हणाले, "अण्णा, मशीन तुमचं असेल. प्रोग्राम आमच्याकडेच होतात. तुमच्या मशीनवर चालतील असे बांधून देतो."

"मग द्या की! येत्या शनिवारी दिवस मावळायच्या आत माझ्या मशीनवर तोडीची यादी निघाली, तर केडगाव राहील. न्हाई निघाली, तर सोमवारच्या मीटिंगला टाळं लावायचा ठराव मीच मांडणार."

झालं! आठ माणसांची नोकरी तोडीच्या यादीच्या सत्तावीस गठ्ठ्यांवर येऊन बसली.

पाठकसाहेबांनी गठ्ठे काढून दिले आणि म्हणाले, "नूरभाई, आहेत तसे नीट बांधा. मशीन एकाच कंपनीचं आहे, काही बदलायला नको."

नूरमहंमदनं पहिला गठ्ठा हातात घेतला, उलटापालटा केला आणि खाली ठेवला. त्याला इंग्रजी यायचं ते खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांपुरतं. पण चोवीस वर्षं खोक्यांवर पत्ते लिहिलेल्या माणसाला पत्ता बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

"साहेब, एक इचारू का?"

"विचारा."

"ह्या पहिल्या कार्डावर आपला दुभाष्या तीन नंबरच्या टेपवर हाय असं लिहिलंय. तिकडचा दुभाष्या कुठं राहतो?"

पाठकसाहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"न्हाई म्हंजे," नूरमहंमद म्हणाला, "आमच्या भांडारात नवीन पोरगं लागलं की हीच चूक करायचं. खोकं जायचं पठाणकोटला आणि वर लिहायचं आपल्या भिंगारच्या फळीचा नंबर. पठाणकोटवाल्यानं त्याचं काय करायचं?"

"अहो नूरभाई," पाठकसाहेब खुर्चीत बसत म्हणाले, "तिकडे टेपच नाही. तिकडे डिस्कची तबकडी आहे!"

लगेच कोपरगावला पत्र गेलं, उत्तर आलं. तिकडचा दुभाष्या पहिल्या तबकडीवर होता आणि त्याचं नावही वेगळं होतं. छबूबाईंनी सत्तावीसच्या सत्तावीस पत्त्यांची कार्डं नवी पाडली. जुनी नूरमहंमदनं काढून वेगळ्या डब्यात ठेवली, परत केडगावला लागतील म्हणून. सगळ्यांच्या जिवात जीव आला. वेळीच लक्षात आलं! शनिवारी तिकडे जाऊन कळलं असतं तर? पाठकसाहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना स्पेशल चहा पाजला. एरवी एक कप दोघांत वाटून पिणारा माणूस, पण पाजला.

नव्या पत्त्यांचे गठ्ठे केडगावच्या मशीनवर चालवून बघायची सोय नव्हती. पत्ता तिकडचा, इथं दुभाष्या कुठून येणार! म्हणून नूरमहंमदनं डोळ्यांनी तपासले. एकेक गठ्ठा टेबलावर ठोकून कडा जुळवल्या, निळी रेघ नव्यानं ओढली, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या लावल्या, वरून मेणकागद, वरून कापडी फीत. खोक्याला चिठ्ठी डकवली आणि तिच्यावर सही केली: तपासून बांधले, नूरमहंमद शेख.

शनिवारी सकाळी कारखान्याची जीप आली. राहुरी गेलं, कोल्हार गेलं, शिर्डी गेली. नूरमहंमदनं खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. साडेनवाला कोपरगावच्या पुढे कारखान्याच्या फाटकात जीप शिरली. चिमणीला नवा रंग दिलेला, ऊस टाकायच्या गव्हाणीपाशी आंब्याच्या पानांची तोरणं. चार दिवसांवर हंगामाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम आलेला होता.

तिथलं मशीन मच्छिंद्र नावाचा पोरगेलासा पदवीधर सांभाळी. तीन आठवड्यांपूर्वीच लागलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. मशीनला हार घातलेला होता, पुढ्यात उदबत्ती. नूरमहंमदनं मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि पहिला गठ्ठा सोडून त्याच्या हातात दिला.

मच्छिंद्रनं गठ्ठा घातला. बटण दाबलं. मशीननं पहिलं कार्ड ओढलं, घुरघुरलं आणि थांबलं. प्रिंटरवर एक ओळ उमटली.

"काय म्हणतंय?" नूरमहंमदनं विचारलं.

"पहिलं कार्ड ओळखता येत नाही म्हणतंय, चाचा."

पहिलं कार्ड म्हणजे पत्ता! नूरमहंमदनं पाठकसाहेबांचा कागद काढला. मच्छिंद्रनं आपली वही काढली. दोघांनी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. पत्ता बरोबर. दुभाष्याचं नाव बरोबर. तरी शंका नको म्हणून मच्छिंद्रनं पत्त्याचं कार्ड आपल्या हातानं पुन्हा पाडलं, जुनं काढून त्या जागी नवं घातलं, वरचं सगळं होतं तसं नीट ठेवलं आणि गठ्ठा पुन्हा मशीनला दिला.

घुर्र. तीच ओळ.

दुसरा गठ्ठा. तीच ओळ. पाचवा, नववा. तीच ओळ, तीच ओळ. अकरा वाजले. नूरमहंमदचं बनियन घामानं भिजलं, आणि खोलीत तर मशीनसाठी गारव्याचं यंत्र लावलेलं. त्याला आठ जणांची तोंडं दिसायला लागली. आपलं ठीक आहे हो, आपल्याला पेन्शन आहे. पण गोरखचं लग्न दिवाळीनंतर ठरलेलं. आणि छबूबाई? त्यांनी कुठं जायचं, भावाच्या दारात? खोक्यावर सही आपली. तपासून बांधले म्हणे! काय तपासलं रे तू, नूरमहंमद?

"मशीन बिघडलंय का तुमचं?" त्यानं शेवटी आशेनं विचारलं.

मच्छिंद्रनं कंपनीचा नमुन्याचा गठ्ठा घालून दाखवला. मशीन फडाफडा चाललं. आशाही गेली.

"केडगावला फोन लावतो," नूरमहंमद म्हणाला.

ट्रंक कॉल अकराला नोंदवला तो दीडला लागला. मधल्या वेळात मच्छिंद्रनं जेवायचा आग्रह केला, पण नूरमहंमद फोनपाशीच बसून राहिला. फोनवर गोरख होता. पाठकसाहेब कोरी कार्डं आणायला शहरात गेलेले.

"गोरख, नीट ऐक. हेच गठ्ठे तिथं तू चालवायचास. तू गठ्ठा मशीनला देतोस, तेव्हा आधी काय काय करतोस?"

"काय करतो म्हंजे? देतो."

"त्याच्या आधी?"

"काई न्हाई. आधी काय करायचं हाय त्यात?"

"गोरख, तीन मिन्टं हायेत. डोकं नको खाऊ. समोर एखादा गठ्ठा घे, आणि रोज करतोस तसं कर. करता करता तोंडानं सांगत राहा."

"चाचा, ट्रंक कॉलवर ह्ये?"

"कर म्हणतो ना!"

तिकडे खुडबुड झाली. "हां. घेतला. टेबलावर ठोकला. कडा जुळल्या. छबूमावशीचं श्री उचललं, कपाळाला लावलं, मशीनच्या डोक्यावर ठिवलं. गठ्ठा आत घातला. आता बटण दाबू का?"

"थांब!" नूरमहंमद एवढ्यानं ओरडला की टेलिफोनच्या खोलीतला कारकून उठून उभा राहिला. "मागं ये. काय उचललं?"

"छबूमावशीचं श्री. त्या घालत्यात न्हाई का परत्येक गठ्ठ्यावर."

आणि नूरमहंमद मटकन खाली बसला. फोनची तार पुरली म्हणून बरं.

आता यात छबूबाईंचं तरी काय चुकलं, सांगा! शाळेची पाटी घ्या, चोपडी घ्या, लग्नाची यादी घ्या, कोऱ्या कागदाच्या माथ्यावर श्री लिहिल्याशिवाय आपल्याकडे कुणी एक अक्षर लिहीत नाही. छबूबाई कार्डं पाडत तेव्हा आधी एक कार्ड घेत, त्याच्या मधोमध इंग्रजी अक्षरांत श्री पाडत, त्याला हळदीचं बोट लावत, आणि मग पाठकसाहेबांचा प्रोग्राम सुरू. गठ्ठ्याच्या डोक्यावर ते कार्ड जाऊन बसे. नव्या पत्त्यांवरही त्यांनी त्याच श्रद्धेनं ते बसवलं होतं. पाठकसाहेबांना ठाऊकच नव्हतं, कारण ते कागदावर लिहीत, कार्डांना हात लावत नसत. गोरख रोज ते उचलून कपाळाला लावी, बाजूला ठेवी, आणि हे आपण काही 'करतो' असं त्याच्या गावीही नव्हतं. आणि नूरमहंमदनं? त्यानं सत्तावीस वेळा ते डोळ्यांनी पाहिलं होतं, अंगठ्यानं सारखं करून बांधलं होतं. मच्छिंद्रनं तर आज सकाळी स्वतः ते अलगद बाजूला काढून, खालचं कार्ड बदलून, परत जागेवर ठेवलं होतं! माथ्यावरचं श्री नमस्कारासाठी असतं, ते वाचतं कोण? मशीन वाचत होतं. बिचाऱ्याला दुभाष्याचा पत्ता हवा होता आणि हातात यायचं श्री.

"चाचा," गोरखचा आवाज खाली आला, "छबूमावशी इथंच हुभ्या हायेत. त्यांनी आयकलं. त्या..."

तीन मिनिटं संपली आणि फोन तुटला.

नूरमहंमद धावतच मशीनच्या खोलीत आला. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण धावत. त्यानं पहिल्या गठ्ठ्यावरचं श्री उचलून टेबलावर ठेवलं. "आता घाल!"

घुर्र. मशीननं पहिलं कार्ड घेतलं, दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, आणि मग कार्डं अशी सुटली की मोजता येईनात. दुभाष्या आला होता! मच्छिंद्रनं टाळी वाजवली. नूरमहंमदनं डोळे मिटून भिंतीला पाठ टेकली. छातीवरचा दगड कुणीतरी उतरवून घेतला असं त्याला झालं, आणि सकाळपासून पहिल्यांदा भूक लागली.

"चला, बाकीच्या सव्वीसांवरचीही काढून टाकू," मच्छिंद्र म्हणाला आणि हात पुढे केला.

"थांब," नूरमहंमद म्हणाला.

"आता काय, चाचा?"

"काढून कुठं टाकणार?"

मच्छिंद्रनं नकळत केराच्या टोपलीकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली. नूरमहंमदनं टेबलावरचं कार्ड उचललं. हळदीचं बोट अजून पिवळं होतं.

"बघ बाबा, दुसऱ्यानं सोपवलेल्या मालातली एक वस्तू कमी करून पुढं द्यायची, हे मी चोवीस वर्षांत केलं न्हाई. आणि माझं नाव नूरमहंमद. छबूबाईंचं श्री माझ्या हातानं उतरलं, हे माझ्या मनाला बरं वाटणार न्हाई. त्यांना तर त्याहून न्हाई."

"मग एक नंबर खाली सरकवू. आधी पत्ता, मग श्री."

"चालंल?"

मच्छिंद्रनं जरा विचार केला. "नाही चालणार. दुभाष्या आला की त्याला वाटेल हा हुकूमच आहे. अडेल तो."

नूरमहंमद स्टुलावर बसला. पाठकसाहेबांचे गठ्ठे रोज हाताळून त्याला एक गोष्ट ठाऊक झाली होती. साहेब विसरभोळे. मधेमधे स्वतःसाठी टिपणं लिहून ठेवत, 'इथून पुढे वाणांचा हिशोब' वगैरे. ती कार्डं मशीनला कशी अडत नव्हती?

"मच्छिंद्र, ते टिपणाचं कार्ड असतं बघ, त्याला दुभाष्या कसा सोडून देतो रे?"

"पहिल्या घरात सी अक्षर पाडलेलं असतं. सी दिसला की तो म्हणतो, हे माझ्यासाठी नाही, आणि पुढं..." मच्छिंद्र बोलता बोलता थांबला. त्यानं श्रीचं कार्ड उजेडात धरलं. छबूबाई श्री मधोमध पाडत. पहिलं घर कोरं होतं. सत्तावीसच्या सत्तावीस कार्डांचं पहिलं घर कोरं!

"अरे मग पाड की सी!" नूरमहंमद ओरडला. "बघत काय बसलास!"

सत्तावीस कार्डं, सत्तावीस सी. मच्छिंद्र पाडत गेला, नूरमहंमद पत्त्याच्या पाठीमागं एकेक बसवत गेला. प्रत्येक गठ्ठ्यावर निळी रेघ पुन्हा ओढली. साडेचारला शेवटचा गठ्ठा मशीनमध्ये गेला आणि पाचच्या सुमारास प्रिंटरनं तोडीची यादी ओकायला सुरुवात केली. आधी प्रोग्रामची नक्कल छापून आली, मग गावांची नावं, शेतकऱ्यांची नावं, तारखा. कागद जमिनीवर घड्या घालत पडू लागला.

नेमके तेव्हाच चेअरमन आले. फेटा, काठी, मागे चार माणसं. बाहेर ऊन अजून भिंतीवर होतं. त्यांनी कागद उचलला, चष्मा लावला आणि बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले.

"आमच्या धाकट्याचा ऊस जानेवारीत?"

"लागण उशिराची असंल, अण्णा," मागचा एक जण चाचरत म्हणाला.

"हाय खरी उशिराची." चेअरमननी चष्म्यावरून मशीनकडे पाहिलं. "आन् गेल्या साली नव्हंबरातच तुटला हुता. ह्या बाबाला नातं-गोतं कळत न्हाई वाटतं." आणि मग ते मोठ्यांदा हसले. "चांगलं हाय! आता घरी मला कुणी बोलायला नको, मशीनला बोला म्हनीन. पर सकाळी चालत न्हाई असं कानावर आलं हुतं. चूक कुनाची हुती?"

मच्छिंद्रनं नूरमहंमदकडे पाहिलं. नूरमहंमदला क्षणभर वाटलं, सांगून टाकावं सगळं, हसण्यावारी जाईल. पण सोमवारची मीटिंग अजून व्हायची होती. तिथं कुणीतरी नाव लक्षात ठेवील.

"बांधणाऱ्याची," तो म्हणाला. "पहिल्या कार्डाच्या जागी दुसरं कार्ड ऱ्हायलं हुतं. खोक्यावर सही माझी हाय."

"आन् दुरुस्त कुनी केलं?"

"त्यांनीच," मच्छिंद्र चटकन म्हणाला.

"मग झालं की." चेअरमननी काठी टेकली. "बाकीचे आठ कारखानेबी आज ना उद्या मशीन घेनार. परत्येकाचा दुभाष्या निराळ्या जागी बसल. त्यांचे गठ्ठे केडगावनंच बांधायचे. मी सोमवारी तसाच ठराव मांडतो."

केडगावला फोन लागला तेव्हा सहा वाजले होते. नूरमहंमद एवढंच म्हणाला, "साहेब, चाललं. केडगाव ऱ्हायलं." तिकडून पाठकसाहेबांनी नाक ओढल्याचा आवाज आला. त्या रात्री कारखान्याच्या विश्रामगृहात नूरमहंमद दोन भाकरी जास्त जेवला आणि आडवा पडला तो उजाडेपर्यंत उठला नाही.

रविवारी सकाळी तो यष्टीनं केडगावला उतरला. सुट्टी असून मशीनघर उघडं होतं. गोरखनं त्याला उचललंच. पाठकसाहेबांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला. सगळे हसत होते, बोलत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. नूरमहंमदनं पेढा तोंडात टाकला आणि मोजलं. सात.

"छबूबाई कुठं हायेत?"

हसणं ओसरलं. पाठकसाहेबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "काल तुमचा दुपारचा फोन झाला, आणि मी शहरातून येतो तो हे माझ्या टेबलावर. राजीनामा. म्हणे माझ्यामुळे आठ घरांची नोकरी गेली. संध्याकाळी बातमी सांगायला मी घरी गेलो होतो. दाराआडूनच म्हणाल्या, तुम्ही माझी समजूत काढताय."

"आमालाबी तसंच म्हनल्या," गोरख म्हणाला. "ईस्वासच ठिवंनात."

नूरमहंमदनं पिशवी उचलली आणि तसाच निघाला. छबूबाईंची खोली मागच्याच आळीत होती. दार लोटलेलं. त्यानं बाहेरूनच हाक मारली, "छबूबाई, मी नूरमहंमद."

दार उघडलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता हे तोंडावर दिसत होतं. "नूरभाऊ, मला माफ करा. बाईमाणसाला शहाणपणा नडला."

"कसली माफी? हे बघा आधी."

त्यानं पिशवीतनं छापील कागदाची जाडजूड घडी काढली आणि ओट्यावर पसरली. पहिल्या पानावर पत्त्याची ओळ होती. तिच्याखाली, मधोमध, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, श्री. मग प्रोग्राम, आणि पुढं पानंच्या पानं तोडीची यादी.

छबूबाई खाली वाकल्या. बोट लावून वाचलं. "हे काढलं न्हाई तुमी?"

"एक नंबर खाली घेतलं. पत्ता आधी, मग ते. मशीनला अडत न्हाई आता, आणि छापूनबी येतं. सत्तावीसच्या सत्तावीस गठ्ठ्यांवर तसंच ठेवलंय."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "चेअरमननी इचारलं असंल, चूक कुणाची."

"इचारलं."

"मग?"

"म्हणलं बांधणाऱ्याची. आणि खोटं न्हाई ते. सत्तावीस वेळा बघून सही ठोकली मी."

छबूबाई रडल्या. चांगल्या मोकळ्या मनानं, ओट्यावर बसून रडल्या, आणि नूरमहंमद रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याला घाई नव्हती. शेजारची बाई पाण्याची कळशी घेऊन जाता जाता थबकली, तिलाही त्यानं मानेनंच जा म्हणून सांगितलं. रडणं सरल्यावर तो म्हणाला, "आठ कारखान्यांचे गठ्ठे बांधायचेत अजून. सत्तावीस आठं किती होतात?"

"दोनशे सोळा," छबूबाई नाक पुसत म्हणाल्या.

"दोनशे सोळा पत्ते पाडायचेत. तुमच्याबिगर कोण पाडणार ते? गोरख?"

छबूबाईंना हसू फुटलं. "त्याला सुईत दोरा ओवता येत न्हाई." मग त्या उठल्या, छापील कागदाची घडी जशी होती तशी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"उद्या या मग रोजच्या टायमाला," नूरमहंमद म्हणाला आणि वळला.

"उद्या कशाला?" मागून आवाज आला. "थांबा, चप्पल घालते."